तिसऱ्या कोठीतली धग

५ ऑक्टोबर

ताई,

आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे आधी वाच, श्वास सोड, मग पुढचं.

फोन का लागत नाही म्हणून तू रागावलीस. कंपनीने बिल भरलं नाही म्हणून जहाजाचा फोन बंद आहे. नांगर टाकलाय तिथून किनारा दिसतो, संध्याकाळी लोकांच्या खिडक्यांत लागलेले दिवेसुद्धा दिसतात, पण मोबाइलला रेंज मिळत नाही. तेव्हा आता पत्रंच. आठवड्यातून एकदा पाणी आणि शिधा घेऊन बोट येते. बोटवाला भला माणूस आहे. पत्रं नेतो, आणतो, आणि आमच्याकडे बघून च्च च्च करतो ते वर फुकट.

झालंय असं की मालकाने हात वर केलेत आणि तो कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. कोर्टाने जहाज अडकवून ठेवलंय. आम्ही उतरलो तर जहाज बेवारस होईल, म्हणून बंदरवाले उतरू देत नाहीत. धक्क्याला लावू देत नाहीत, कारण मग आम्ही त्यांच्या गळ्यात पडू. जहाजाच्या पोटात चार कोठ्या, चारही कोळशाने गच्च, आणि त्यावर आम्ही नऊ माणसं. बाकीचे आधीच्या बंदरात उतरून गेले. शहाणे होते.

कप्तान दिवसभर नकाशाच्या टेबलापाशी बसतो, नकाशा न उघडता. त्याच्या हाताखालचा डेकवरचा अधिकारी म्हणून मी एकटाच उरलोय. बडे मिस्त्री, म्हणजे आमचे इंजिनवाले, डिझेल पुरवून पुरवून वापरतात. जनित्र फक्त संध्याकाळी चालतं, म्हणून अंघोळ, मोबाइल, भात सगळं तेव्हाच उरकायचं. स्वयंपाकी बटाट्यांशी बोलायला लागलाय. बटाटे अजून उत्तर देत नाहीत, तोवर ठीक आहे.

एक मजा सांगतो. तिसऱ्या कोठीवरचा डेक छान कोमट असतो. अनवाणी चाललं की पाय शेकतात. आमचा सारंग, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, कंबरदुखीचा माणूस. तो हल्ली अंथरूण घेऊन तिथेच झोपतो. म्हणतो, "मालकाने पगार दिला नाही, पण शेगडी दिली."

तू सिमेंटच्या कारखान्यात रोज कोळसा तपासतेस, म्हणून विचारतो: इतका पडून राहिला तर कोळशाचा कस कमी होतो का? माल विकला गेला तर सुटका होईल असं कप्तानाला वाटतं.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा
टिल्लू


१६ ऑक्टोबर

टिल्लू,

सारंगाला तिथून उठव. पत्र हातातून खाली ठेव, जा, त्याचं अंथरूण उचल, मग येऊन पुढचं वाच.

उठवलंस? आता ऐक. तो डेक उन्हाने कोमट नाही. तुमच्या तिसऱ्या कोठीतला कोळसा तापतोय.

आमच्या आवारात मागच्या वर्षी एका ढिगाच्या बगलेतून वाफ यायला लागली. पहारेकऱ्याला वाटलं, धुकं आहे. दोघांनी फावडं मारलं तर आत लाल. कुणी काडी लावली नव्हती. लावावी लागत नाही. कोळसा नुसता पडला असला तरी हवा खातो, हवेतला प्राणवायू. खाताना किंचित ऊब सोडतो. ऊब बाहेर निसटली तर काहीच होत नाही. पण मोठ्या ढिगाच्या पोटात ती अडकते, कोळसा आणखी तापतो, तापला की आणखी वेगाने खातो. सुरुवातीला महिने लागतात. शेवटी शेवटी तास.

आपण म्हणतो लाकूड पेटलं, कोळसा पेटला. ते बोलण्यापुरतं. घट्ट वस्तू तशीच्या तशी पेटत नाही. ती आधी तापते, तापून आतले वायू सोडते, ते हवेत मिसळून पेटतात, आणि त्यालाच आपण ज्वाळा म्हणतो. वायू निघून गेले की निखारा उरतो. त्याला ज्वाळा नसते, तो हवा लागेल तेवढ्याच अंगाने धुमसतो. म्हणून ज्वाळा नाही, धूर नाही, म्हणजे काही नाही, असं समजू नकोस.

काय बघायचं ते लिहिते. झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरलाय का? रॉकेलसारखा किंवा डांबरासारखा वास येतो का? कोठीत तपमान बघायची नळी असेल, तिच्यातून तपमापक सोडा आणि रोज बघा. साठ अंशांच्या वर चढत असेल तर वेळ थोडा आहे.

काय करायचं नाही ते त्याहून महत्त्वाचं. झाकण उघडू नका. थंड करायला म्हणून तर मुळीच नाही. जिथून हवा आत जाते ती प्रत्येक फट बुजवा. त्याला उपाशी मारायचं.

आणि शेवटचं. अर्धवट जळणारा कोळसा जो वायू सोडतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्त हवा सोडून त्यालाच धरतं. कोठीला लागून असलेल्या कुठल्याही बंद खोलीत कुणी उतरायचं नाही. एखादा उतरला आणि पडला, तर त्याला काढायला दुसऱ्याने तसंच जायचं नाही. आमच्याकडे शिकवतात ते हेच, की अशा जागी दुसरा माणूस पहिल्याला वाचवायला जाऊन मरतो.

कस कमी होतो का म्हणून विचारतोस! गधड्या.

आईला मी सांगितलंय, जहाजाची रंगरंगोटी चालू आहे.

ताई


२९ ऑक्टोबर

ताई,

समुद्र खवळला होता, बोट एक आठवडा आलीच नाही. तुझं पत्र काल मिळालं. त्याच्या आधीच आम्ही झाकण उघडलं होतं.

कुणाला दोष देऊ? डेकवरचा रंग फुगून त्याचे पापुद्रे निघायला लागले, तेव्हा कप्तानालाही कळलं की काहीतरी बिनसलंय. तो म्हणाला, "आत वायू साठला असेल. ठिणगी पडली तर झाकणासकट उडू. उघडा." आम्ही साखळ्या लावून झाकणाचे दोन लोखंडी पाट सरकवले. गरम ओलसर वाफ अंगावर आली. दिवसभर उघडं ठेवलं. संध्याकाळी डेक खरंच थोडा निवला. स्वयंपाक्याने खुशीत साखर जास्त घालून चहा केला. आम्ही हसलोसुद्धा, ताई.

दोन दिवसांनी धूर आला. पिवळट, आळशी, वर न जाता डेकवरूनच सरपटणारा. पाट पुन्हा ओढून घेतले. आता फटी बुजवतोय. चिकटपट्टी संपली, म्हणून ताडपत्री, ग्रीस, सिमेंट, जे हाताला लागेल ते. तपमापक सोडला, तुझ्या साठच्या पुष्कळ वर आहे. तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सारंगाचं डोकं गेले पंधरा दिवस दुखत होतं, आता त्याला कळलं का ते. तो हसला, म्हणाला, "ताईंना सांगा, म्हातारीचा जावई इतक्यात मरत नाही." त्याची सासू त्याला फार छळते, हा त्याचा नेहमीचा विषय. अंथरूण मात्र आत नेलं.

आता मुद्द्याचं. तू हे कुणालाही कळवू नकोस. बंदराला तर नाहीच. कप्तानाने आम्हाला बसवून समजावलं: पेटतं जहाज बंदराजवळ कुणी ठेवत नाही. शेजारी तेलाची जहाजं उभी आहेत. त्यांना कळलं तर ते आम्हाला विझवायला येणार नाहीत, ओढून आणखी बाहेर नेतील. इथे निदान पाण्याची बोट येते, किनारा दिसतो. स्वयंपाकी रोज एकच खिडकी बघत असतो, तिथे एक बाई कपडे वाळत घालते. तेवढं तरी राहू दे.

फटी नीट बुजल्या तर तो उपाशी मरेल ना? हो म्हण.

टिल्लू


७ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझं पत्र आज आलं. उशीर झाला रे. मी परवाच बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याला सगळं कळवलं. आधी लिहिलं, मग फोन केला, मग तुझे भाऊजी आणि मी दोघांनी मिळून फोन केला, कारण माझा आवाज फुटत होता.

पण तू समजतोस तसं झालं नाही. त्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कोठी कितवी, तपमान किती, माणसं किती, सगळं विचारलं. म्हणाले, "बाई, आम्ही तातडीने योग्य ती हालचाल करतो." कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला बाई म्हणून नीट बोललं. म्हणजे ते तुम्हाला आत आणतील, माणसं तरी उतरवतील. तुमचा कप्तान उगाच घाबरतो. नऊ माणसांना आगीवर बसवून कोण समुद्रात ढकलेल?

कप्तान मूर्ख नाही, हे मात्र त्याला माझ्याकडून सांग. वायूची भीती खरी आहे. वायूला तापायला नको, वाफ व्हायला नको, तो तयारच असतो. त्याला फक्त हवेशी योग्य प्रमाणात मिसळायचं असतं. फार थोडा असेल तर पेटत नाही, फार जास्त असेल तरी पेटत नाही, हवा पुरत नाही म्हणून. मधलं प्रमाण जमलं की सगळा एकाच क्षणी. लाकडासारखा एका टोकाकडून नाही, सगळीकडून एकदम. म्हणून कोठी उघडली तर आग वाढते आणि बंद ठेवली तर वायू साठतो. दोन्हीकडून कोंडी आहे. पण पेटलेल्या कोठीला बंद ठेवणं कमी वाईट. आतली हवा कोळसा खाऊन टाकतो, आणि हवा नसली की वायूलाही पेटता येत नाही.

फटी बुजल्या तर मरेल का? हो. नीट बुजल्या तर हो.

बॅग भरून ठेव. अंगावरचे बरे कपडे त्यात वर ठेव.

ताई


२४ नोव्हेंबर

ताई,

बॅग भरली होती. तुझं पत्र यायच्या आधीच ओढनौका दिसल्या, दोन. सगळे डेकवर धावले. स्वयंपाक्याने दाढी केली. दोर बांधले, नांगर उचलला, आणि जहाजाचं तोंड वळलं ते किनाऱ्याकडे नाही. आधी वाटलं, वळसा घेत असतील. मग दिवे लहान होत गेले. सारंग दोराशी उभा होता, तो ओढनौकेवरच्या माणसांना हात जोडत होता. त्यांनी तोंडं फिरवली.

आता चारी बाजूंना पाणी आहे. शिध्याची बोट पंधरा दिवसांनी आली. बोटवाल्याला इथवर यायला डिझेल परवडत नाही, पुढच्या वेळचं नक्की नाही म्हणाला.

कुणी कळवलं ते कप्तानाने वायरलेसवरच ऐकलं. "अधिकाऱ्याच्या बहिणीने." जेवायला बसलो की मिठाची बरणी कुणी माझ्याकडे सरकवत नाही. स्वयंपाकी भात वाढतो आणि माझ्या ताटाकडे बघत नाही. फक्त सारंग माझ्याशेजारी बसतो. परवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बहिणीने ढुंकून पाहिलं नसतं. याची निदान भांडते तरी." पण मी तुला माफ केलं नाही अजून. तुला सांगितलं होतं, कळवू नकोस. तुला नेहमी जास्त कळतं. लहानपणापासून.

दुसरं असं, की तिसऱ्या कोठीला लागून तेलाची मोठी टाकी आहे. मधे एक लोखंडी भिंत. टाकीच्या तळाशी थोडं डिझेल उरलंय, आमचं शेवटचं. बडे मिस्त्री रोज त्या भिंतीला तळहात लावून बघायचे. काल लावला आणि झटक्यात काढला. म्हणतात, डिझेलमध्ये जळती काडी टाकली तरी विझते, घाबरू नका. पण हे सांगताना ते स्वतः घाबरलेले होते. खरं काय ते लिही. गोड काही लिहू नकोस.

मला झोप येत नाही. डोळे मिटले की ओढनौकेवरच्या त्या माणसांच्या पाठी दिसतात.

टिल्लू


४ डिसेंबर

टिल्लू,

शिव्या घाल. हव्या तेवढ्या घाल. फक्त लिहीत राहा.

त्या साहेबांना मी पुन्हा फोन केला. साहेब रजेवर आहेत. जहाजवाल्यांच्या खात्याच्या कचेरीत गेले. त्यांनी दुसऱ्या कचेरीत पाठवलं, तिथे म्हणाले जहाज आमच्या हद्दीबाहेर आहे. मी विचारलं, "कुणाच्या हद्दीत आहे?" तो मुलगा शांतपणे म्हणाला, "सध्या कुणाच्याच नाही." जिन्यात बसून रडले. मग उठले, कारण जिना झाडायचा होता आणि झाडणारी बाई माझ्यासाठी थांबली होती.

आता टाकीचं. गोड लिहीत नाही. काडी विझते ते खरं, पण थंड डिझेलमध्ये. तेल स्वतः जळत नाही, तेलाची वाफ जळते. पेट्रोल गारठ्यातही भरपूर वाफ सोडतं, म्हणून त्याला लांबूनही पेट धरतो. डिझेल थंड असताना इतकी कमी वाफ सोडतं की काडीला पेटवायला काही सापडत नाही, म्हणून ती बुडते आणि विझते. पण तेच डिझेल तापलं की पेट्रोलच्या गुणाचं होतं. आणि टाकी जितकी रिकामी तितकी वाईट, कारण वरच्या पोकळीत वाफ आणि हवा एकत्र होतात. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला राहायलाच जागा नसते.

म्हणून उरलेलं डिझेल हातपंपाने इंजिनाजवळच्या छोट्या टाकीत घ्या, आणि मोठी टाकी समुद्राच्या पाण्याने गच्च भरा. भिंतही निवेल. काम चालू असताना तिथे कुणी विजेचं बटण दाबायचं नाही, लोखंडावर लोखंड आपटायचं नाही. हे बडे मिस्त्रींना माहीत असणारच. पण एकट्याने ठरवायचा धीर होत नसेल, म्हणून माझं नाव सांगा. काही बिघडलं तर म्हणा, अधिकाऱ्याच्या बहिणीने सांगितलं होतं.

आई काल म्हणाली, "इतके महिने रंग देतायत तर राजवाडाच असेल." आणि भाजी निवडत राहिली. तिला सगळं कळतंय रे. मला कळू देत नाही.

ताई


२२ डिसेंबर

ताई,

मी जमिनीवर आहे. बंदराच्या एका लांबलचक खोलीत आम्ही आठ जण आहोत. बाहेर पहारा आहे, पण जमीन आहे. हलत नाही म्हणून पहिल्या दिवशी उलटी झाली.

आठ जण. सारंग गेला.

तुझं टाकीचं पत्र मिळालं त्याच दुपारी आम्ही कामाला लागलो. हातपंप दोघे दोघे मारत होतो. बडे मिस्त्रींनी वाचून नुसतं "हो, हो" केलं आणि बाही वर सारली. रात्रीपर्यंत टाकी पाण्याने भरली. भिंतीला हात लावता येऊ लागला. स्वयंपाक्याने मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली. 

मग वारा सुटला. तिसऱ्या कोठीवरची ताडपत्री एका बाजूने फाटली आणि धूर पुन्हा सुरू झाला. दुसरी ताडपत्री कोठीला लागून असलेल्या भांडारात होती. कप्तान म्हणाला, "थांबा, श्वासाची नळकांडी आणू." एकच नळकांडं उरलं होतं, तेही अर्धं, आणि ते मागच्या टोकाला होतं. तेवढ्यात सारंग भांडाराच्या दारातून खाली उतरला. "चार पायऱ्या तर आहेत, श्वास रोखून जातो नि येतो." मी ओरडलो. तो पायरीवरून वर बघून हसला, आणि दिसेनासा झाला. मग ताडपत्री पडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

एक खलाशी, सारंगाच्याच गावचा, आत शिरायला निघाला. मी त्याला कंबरेला मिठी मारून धरलं. तो मला मारत होता, चावत होता. दुसरा आला, त्यालाही मी लाथ मारून मागे लोटलं. तुझं पत्र डोक्यात होतं, ताई. दुसरा माणूस मरतो. सारंग खाली होता आणि मी वरच्यांना धरून ठेवलं होतं. बडे मिस्त्री नळकांडं लावून उतरले, तोवर किती वेळ गेला मला सांगता येत नाही. त्याचा हात शिडीच्या पायरीला घट्ट धरलेला होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली. म्हणजे तो परत येत होता. शर्टावर उलटी होती. आम्ही त्याच्या छातीवर दाबत राहिलो, अंधार पडेपर्यंत, स्वयंपाकी थांबू देत नव्हता.

कप्तानाने वायरलेसवर कळवलं. आजवर त्याने रोज बोट मागितली होती, रोज "कळवतो" असं उत्तर यायचं. माणूस मेला म्हटल्यावर पंचनामा करावा लागतो. सकाळी लाँच आली. तीत एक पोलीस अधिकारी, एक डॉक्टर, एक स्ट्रेचर.

आम्ही सारंगाला शिडीवरून खाली उतरवलं. अधिकारी म्हणाला, "ठीक आहे, आता मागे व्हा." कप्तान मागे झाला नाही. तो लाँचमध्ये उतरला, सारंगाच्या डोक्याशी मांडी घालून बसला. अधिकारी म्हणाला, "साहेब, मी एकाला न्यायला आलोय." कप्तान म्हणाला, "माझा माणूस आहे. मी त्याच्याबरोबर जाणार." मग बडे मिस्त्री उतरले, पायाशी बसले. "माझाही आहे." मग मी ज्याला धरून ठेवलं होतं तो खलाशी. मग स्वयंपाकी, चपला हातात घेऊन. अधिकारी ओरडत होता, परवाना नाही, गुन्हा होईल, बेवारस जहाजाचा अर्थ कळतो का.  आम्ही सगळे सारंगाभोवती एवढे चिकटून बसलो होतो की एकाला ओढलं असतं तर आठही जण आले असते. शेवटी डॉक्टरच अधिकाऱ्याला म्हणाला, "अहो, पाय बघा यांचे." तापलेल्या डेकवर वावरून आमचे तळवे भाजून सोलवटले होते. अधिकाऱ्याने लाँचवाल्याला हात केला, चल.

जहाज जळू देणार आहेत म्हणे. विझवायला कुणी जाणार नाही.

ताई, मी त्या खलाशाला सोडलं असतं तर? तो आता माझ्या शेजारच्या खाटेवर आहे. माझ्याकडे पाठ करून झोपतो. मी सोडलं असतं आणि त्याने सारंगाला ओढून वर आणलं असतं तर? तुला माहीत आहे हे सगळं कसं होतं. तू सांग.

सारंगाच्या घरी कुणी कळवलेलं नाही. कळवायला कंपनीच नाही. कप्तानाने तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. त्याचं गाव तुझ्यापासून बसने अर्ध्या दिवसावर आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तुला सांगायला मला तोंड नाही. पण तू जाशील?

टिल्लू


३ जानेवारी

टिल्लू,

जाऊन आले.

आधी तुझ्या प्रश्नाचं. त्या भांडारातली हवा कोळशाने आधीच खाल्लेली होती आणि उरलेल्या जागेत विष होतं. तिथे दोन-चार श्वासांत माणसाचे गुडघे जातात. तू त्या खलाशाला सोडलं असतंस तर तो सारंगापर्यंत पोचला असता, आणि तिथेच राहिला असता. मग तो दुसरा गेला असता. मग तू गेला असतास. तुझी सवय मला माहीत आहे. तू सोडलं असतंस तर मला आणखी दोन-तीन घरी जावं लागलं असतं, आणि एका घरी आपली आई असती. तो पाठ करून झोपतो तर झोपू दे. झोपतोय ना.

आता तिकडचं. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. सारंगाची बायको मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती, आजूबाजूला निळ्या सदऱ्यांचा ढीग. मला बघून उठली, खुर्चीवरचे सदरे उचलले.

"तुम्ही कंपनीच्या का?"

"नाही. माझा भाऊ यांच्या जहाजावर होता."

"होता की आहे?"

मी म्हणाले, "आहे."

 तिने सदरे पुन्हा खुर्चीवर ठेवले, एकावर एक, कडा जुळवून. म्हणाली, "मग आमचे नाहीत."

मी बसमध्ये काय काय ठरवून गेले होते. त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिनेच विचारलं, "बुडाले का?" मी नाही म्हणाले. "भाजले?" नाही. मग मी तिला वायूबद्दल सांगितलं. रंग नसतो, वास नसतो, हवेसारखाच असतो, माणसाला पत्ताच लागत नाही. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्रास झाला का त्यांना?"

टिल्लू, मी इतकी वर्षं प्रयोगशाळेत काम करते. आकडा एकाने चुकला तरी पान फाडून पुन्हा लिहिते. शिडीला धरलेली ती बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हणाले, "नाही. डोकं जड होतं आणि झोप लागते. त्यांना झोप लागली."

ती खाली बसली, जमिनीवरच्या सदऱ्यांच्या ढिगावरच. रडली नाही. म्हणाली, "एक काम कराल? माझी आई आत आहे. जावयाशी उभा दावा, पण रोज कॅलेंडर बघते, कधी यायचा म्हणून. हे तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी मनाचं रचून सांगतेय. तुम्ही शिकलेल्या आहात. फक्त मोठ्याने बोला, तिला ऐकू येत नाही."

आतल्या खोलीत म्हातारी खाटेवर बसली होती. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. तिला कळलं नाही. मुलीकडे बघून म्हणाली, "काय म्हणते ही?"

मी आणखी मोठ्याने म्हणाले. खाली दुकानातली हातोडी थांबली. समोरच्या घराचं दार उघडलं. म्हातारीने कानामागे हात धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग मी तिचे दोन्ही हात धरले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले, "त्रास झाला नाही! झोप लागली त्यांना!"

ताई